आधी वजन, मग उंची

हिरो स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिमी उंच असते. खानदेशात बहुतेकांचा हात मोटरसायकलवर बसतो तो याच उंचीच्या गाडीवर, दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर टेकवून. पुढे कुणाला सातपुड्याची ओढ लागते, कुणाचं शेत गावापासून लांब नाल्यापलीकडे असतं, आणि कच्च्या रस्त्याला चालणारी गाडी बघायला तो जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या शोरूमची पायरी चढतो. तिथे एक्सपल्स 200 4व्हीची सीट 825 मिमीवर असते. हिमालयन 450 ची 825, आणि वरच्या खाचेत बसवली तर 845. केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर 2020 मध्ये आली ती 855 ची सीट घेऊन. एक्सपल्सचं प्रो मॉडेल तर 891 वर जातं. पाच फूट चार-पाच इंचांच्या माणसाला एवढ्या फरकानं टाचा उचलून चवड्यावर उभं राहावं लागतं आणि गाडी हातात असूनही तिचा भरवसा वाटत नाही.

मग पहिला प्रश्न येतो, पाय टेकतात का? आणि विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "भाऊ, मागचा शॉकअप एकदम ढिला करून देतो, बसेल खाली." पाना फिरतो, गाडी बोटभर खाली येते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. माझ्या मते ऑफ-रोड गाडीच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान या एका उपायानं केलं आहे. स्वाराची उंची ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट त्याचं वजन. स्प्रिंगला माणसाची उंची कळत नाही, तिला त्याचं वजनच कळतं.

अशा गाड्यांचा आपल्याकडचा इतिहास छोटाच आहे. हिरोनं 2011 मध्ये इम्पल्स आणली, ती फारशी चालली नाही. 2016 मध्ये रॉयल एन्फिल्डची पहिली हिमालयन आली आणि तिनं एक महत्त्वाची गोष्ट करून दाखवली. तिची सीट होती फक्त 800 मिमीवर, तरी जमिनीपासूनची मोकळी उंची 220 मिमी आणि पुढच्या फोर्कची चाल 200 मिमी. सीटची जागा फ्रेममध्ये खोल घेऊन हे साधलं होतं. पण गाडीचं वजन दोनशे किलोच्या घरात गेलं आणि वाळूत आडवी झाली की एकट्याला उचलणं अवघड. मग 2019 च्या मे महिन्यात एक्सपल्स 200 आली. हलकी, स्वस्त, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळणारी. पुढे 190 मिमी आणि मागे 170 मिमी चाल, पोटाखाली 220 मिमी जागा. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात हौशी पोरांपासून केळीच्या बागा सांभाळणाऱ्यांपर्यंत अनेकांना परवडेल अशी खरी कच्च्या रस्त्याची गाडी त्यामुळे हाताशी आली.

आणि आपला मुलूख अशा गाडीची परीक्षा घेणाराच आहे. उत्तरेला सातपुडा. पालकडे जाणारे रस्ते, मनुदेवीचा परिसर, पलीकडे नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळचा घाट. नाल्यांत बेसॉल्टचे गोटे, पावसाळ्यानंतर धुपून उघडे पडलेले दगड. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पाटणादेवी, कन्नडचा घाट. मधे तापी-गिरणेची काळी माती, जी उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी लपेटते की मडगार्डमध्ये गोळा अडकून चाक फिरायचं थांबतं. आणि या सगळ्याला जोडणारा धुळे-जळगाव-भुसावळ महामार्ग, जिथे हीच गाडी ऐंशीच्या वेगानं ट्रकशेजारून जाते. गाडी खाली आणायची म्हणजे या सगळ्या ठिकाणी काहीतरी सोडावं लागतं. काय सोडतोय हे माहीत असलं पाहिजे.

प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला गाडीवर कुणी बसण्याआधीच दिलेला दाब. शॉकअपवरची रिंग किंवा खाचांचा कॅम फिरवून तो कमी-जास्त होतो. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपलाही पाच खाचा असतात. कित्येक गाड्या भंगारात जाईपर्यंत त्या खाचांना कुणी हात लावत नाही, ही वेगळी गोष्ट. प्रीलोड वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा समज मेकॅनिक मंडळींतही पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या यांवर ठरतो. पाना फिरवून तो बदलत नाही. पाना फिरवून बदलतं ते एवढंच, की माणूस बसल्यावर गाडी किती खाली बसते. या बसण्याला सॅग म्हणतात, आणि गाडी स्वाराला जुळवून घेण्याचं सगळं शास्त्र इथूनच सुरू होतं.

सॅग मोजायला एक टेप आणि दोन माणसं लागतात. गाडीच्या पोटाखाली दगड नाहीतर लाकडी ठोकळा लावून मागचं चाक जमिनीपासून पूर्ण सुटू द्यायचं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर किंवा सीटच्या कडेवर एक खूण करायची, चिकटपट्टीचा तुकडा चालतो, आणि ते अंतर लिहून घ्यायचं. समजा 600 मिमी आलं. आता ठोकळा काढून गाडी दोन्ही चाकांवर सरळ धरायची, कुणीही न बसता. पुन्हा तेच अंतर, समजा 585. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं 15 मिमी बसली. मग स्वारानं हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी असं सगळं चढवून बसायचं, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणीतरी हँडल धरायचं. दोन-तीनदा गाडी दाबून सोडायची आणि अंतर घ्यायचं. शॉकअपमध्ये घर्षण असतं, त्यामुळे दाबून सोडल्यावर एक आकडा येतो आणि वर उचलून सोडल्यावर दुसरा. दोन्हींची सरासरी घ्या. ती 548 आली, तर गाडी एकूण 52 मिमी बसली. एक्सपल्सच्या मागच्या 170 मिमी चालीचे हे साधारण तीस टक्के झाले, आणि हाच आकडा आपल्याला हवा असतो. चालीच्या तीस टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत. मोटोक्रॉसच्या गाड्यांची चाल तीनशे मिमीच्या आसपास असते, तिथे तो शंभराच्या जवळ येतो. प्रमाण तेच.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? चाकाला वर जायला जागा लागते, तशी खाली जायलाही लागते. खड्डा आला की चाक खाली पडून जमीन धरतं ते याच बसलेल्या जागेतून. गाडी मुळीच बसली नाही तर प्रत्येक खळग्यावर चाक हवेत राहतं आणि मागची बाजू घसरते. अर्धी चाल आधीच बसण्यात गेली तर पहिल्याच मोठ्या दगडावर शॉकअप तळाला आपटतो. शोरूममध्ये ढिली करून दिलेली गाडी या दुसऱ्या प्रकारची असते. घाटात हिसका बसतो, कंबर बोलू लागते, आणि दोष मात्र कंपनीच्या शॉकअपला जातो.

मोजमापाचं आणखी एक फळ आहे, आणि ते भल्याभल्यांना उलटं वाटतं. माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर आला, पण रिकामी गाडी जवळपास बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. कारण तो आकडा आणण्यासाठी तुम्हाला तिला फार आवळावं लागलं. आणि रिकामी गाडी स्वतःच्या वजनानंच बरीच बसते, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. नव्वद किलोच्या माणसाला पहिली अडचण येते, पंचावन्न किलोच्या पोराला दुसरी. आपल्याकडच्या रस्त्याच्या गाड्यांत रिकाम्या गाडीचं बसणं एक ते दोन सेंटिमीटरच्या दरम्यान असलं की काळजीचं कारण नाही.

केटीएमच्या स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्यांबरोबर येणाऱ्या पुस्तकात स्प्रिंगचा तक्ता स्वाराच्या वजनानुसार दिलेला असतो. 65 ते 75 किलो, 75 ते 85, 85 ते 95, असे गट आणि प्रत्येकाला वेगळी स्प्रिंग. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. आपल्या बाजारातल्या गाडीला मात्र एकच स्प्रिंग मिळते, आणि ती सगळ्यांना चालवून घ्यावी लागते. त्यातून खानदेशातलं वजन दिवसभरात बदलतं. सकाळी एकटा माणूस, दुपारी मागे युरियाची 45 किलोची गोणी, संध्याकाळी बायको आणि मधे पोरगं. साठ किलोच्या स्वारासाठी बसवलेला प्रीलोड गोणी ठेवल्यावर पुरत नाही. अशा वेळी खाच दोन-तीन घरं वाढवणं आणि काम झाल्यावर परत आणणं हाच मार्ग आहे. एक्सपल्सच्या मागच्या शॉकअपला त्यासाठी दहा खाचा आहेत. वळणदार हुकाचा पाना सीटखाली ठेवला तर पाच मिनिटांचं काम. ज्यांची गाडी रोज ओझं वाहते त्यांनी वजनाप्रमाणे दोन खाचांवर रंगाची खूण करून ठेवावी.

आता उंचीकडे येऊ. कागदावरचा सीटचा आकडा साधारणपणे रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही बसलात की स्प्रिंग आणि सीटचा फोम दबून ती साधारण पाच सेंटिमीटर खाली येते. म्हणजे 825 ची गाडी प्रत्यक्षात 775 च्या आसपास. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या पायाची आतली लांबी 75 सेंटिमीटरच्या आगेमागे धरली, वर बुटाचा तळ तीन सेंटिमीटर, की हिशोब जुळायला हवा. तरीही टाच उचलली जाते. कारण पाय सरळ खाली जात नाही, तो सीटच्या रुंदीला वळसा घालून जातो. मांड्या जितक्या फाकतात तितकी उंची खर्च होते. म्हणून टाकीजवळची सीट अरुंद असलेली 825 ची गाडी रुंद सीटच्या 800 च्या गाडीपेक्षा सोपी वाटू शकते. गाडी निवडताना आकडा वाचण्यापेक्षा, आपले नेहमीचे बूट घालून, सीटच्या पुढच्या टोकाला सरकून बसून बघावं.

यामुळेच उंची कमी करण्याचा पहिला उपाय सीट हा आहे. सीटला हात लावल्यानं ना चाल कमी होते, ना पोटाखालची जागा, ना हँडलचा स्वभाव बदलतो. काही कंपन्या कमी उंचीची सीट वेगळी विकतात. हिमालयन 450 ला 805 मिमीची मिळते. जिथे मिळत नाही तिथे सीट-कव्हरवाले आहेतच, जळगावात आणि धुळ्यातही, आणि त्यांच्या हातात मोठं कसब असतं.

हे काम जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे. सीट उलटी करून कारागीर आधी कडेच्या पिना एकेक करून उपटतो, रेक्झिन सोलून बाजूला ठेवतो. खाली पिवळसर फोम उघडा पडतो. चांगला कारागीर लगेच कापत नाही, आधी गाडीवर तो उघडा फोम ठेवून तुम्हाला बसवतो आणि मांडी जिथे घासते तिथे मार्करनं रेघ मारतो. मग हॅक्सॉच्या पात्यानं पुढच्या दोन्ही कडा तिरप्या उतरवतो. पाठीचा पसरट भाग नंतर, आणि तोही थोडा. ग्राइंडरला खडबडीत पॉलिश पेपरची चकती लावून कापलेला भाग गुळगुळीत केला की पिवळी धूळ सगळ्या दुकानात उडते. पुन्हा बसवतो, पुन्हा उतरवतो. वर घट्ट फोमचा पातळ थर चिकटवून रेक्झिन ताणून पिना मारल्या की काम झालं.

त्याला दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात. कडा जास्त उतरव, उंची कमी. कडा उतरवण्यानंच अर्ध्याहून जास्त फायदा होतो आणि बसायची गादी शाबूत राहते. आणि खाली निदान चार सेंटिमीटर फोम राहू दे. त्याहून पातळ केला तर चोपड्याहून धुळ्याला जाईपर्यंत सीटखालचं प्लॅस्टिक हाडाला लागेल. एवढं सांभाळून दोन ते अडीच सेंटिमीटर सहज मिळतात. शक्य असेल तर मूळ सीट जपून ठेवावी आणि जुन्या बाजारातून दुसरी घेऊन तिच्यावर प्रयोग करावा. वर काळ्या रेक्झिनऐवजी जाळीदार कापड घेतलं तर मेमधल्या पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीवर बसताना चटका कमी बसतो.

सीटनंही भागलं नाही तर पुढचा उपाय लिंकचा. मागे एकच शॉकअप असलेल्या बऱ्याच मोनोशॉक गाड्यांत शॉकअप आणि चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, यांच्यामध्ये छोट्या पट्ट्या असतात. मूळ पट्ट्यांच्या जागी थोड्या लांब पट्ट्या टाकल्या की बहुतेक गाड्यांत मागची बाजू खाली येते. पट्टीच्या लांबीतला काही मिलिमीटरचा फरक चाकापाशी कित्येक पटींनी मोठा होतो. इथे मन घट्ट करून हिशोब बघावा लागतो. एक्सपल्सच्या दोन चाकांमधलं अंतर 1410 मिमी. मागची बाजू एकटीच 25 मिमी खाली आली तर सगळी गाडी साधारण एका अंशानं मागे कलते. पुढचा फोर्क तेवढाच जास्त आडवा होतो, हँडल जड आणि मंद होतं, घाटातल्या अरुंद वळणावर गाडी बाहेर पळते, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मागे जेवढं खाली, जवळपास तेवढंच पुढे. त्यासाठी फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या वरच्या टी-मधून थोड्या वर सरकवतात. हेही मर्यादेतच. पुढचा फोर्क पूर्ण दबल्यावर चाक वरच्या मडगार्डला किंवा मडगार्ड खालच्या टी-ला लागता कामा नये. काळ्या मातीत तर ही जागा आणखी मौल्यवान. कोरड्यात अंगठाभर फट पुरेशी वाटते, चिखलाचा थर बसल्यावर तीच फट शून्य होते.

गाडी खाली आणल्यावर साइड स्टँड लांब पडतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येतं ते गाडी पहिल्यांदा उलट्या बाजूला पडल्यावर. स्टँडवर गाडी जास्त उभी राहते आणि वाऱ्याच्या झोतानंही कलंडते. वेल्डिंगवाल्याकडून तो तेवढ्याच प्रमाणात कापून नीट जोडून घ्यावा. चेनचा ढिलेपणाही नव्यानं बघावा. पुढचं दातेरी चाक, चिमट्याची पिन आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, आणि त्या क्षणी तिच्यात थोडी सूट उरलीच पाहिजे.

जे मुळीच करू नये ते स्प्रिंग कापणं. गल्लीतल्या गॅरेजात कटरनं एक वेटोळं उडवून देतात आणि गाडी खाली येतेही. पण वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते, कापलेलं टोक आपल्या जागेवर सपाट बसत नाही, आणि पूर्ण उघडल्यावर ती सैल होऊन खडखडते. दगडावर उतरताना अशी स्प्रिंग जागा सोडते तेव्हा काय होईल याचा विचारही नको. फ्रेमला किंवा चिमट्याला वेल्डिंग करून उंची बदलणं याच वर्गातलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत विनापरवाना फेरफार करू देत नाही. प्रीलोड फिरवणं आणि सीटचा फोम बदलणं ही देखभाल आहे, फ्रेम कापणं हा फेरफार आहे.

प्रीलोडनंतर डॅम्पिंग येतं, म्हणजे स्प्रिंगच्या हालचालीला तेल किती अडवतं ते. आपल्या बहुतेक गाड्यांवर ते बदलायची सोय नसते, पण एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये आणि प्रो मॉडेलमध्ये ती आहे. तिथे पुढे 250 आणि मागे 220 मिमी चाल आहे. ज्यांच्याकडे असे स्क्रू आहेत त्यांनी एकच शिस्त पाळावी. आधी स्क्रू हलक्या हातानं क्लिक मोजत मोजत पूर्ण बंद करा, तो आकडा लिहून ठेवा आणि तेवढेच क्लिक उघडून मूळ जागी आणा. मग एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, आणि त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी. रीबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकअपचं परत उघडणं, फार मंद असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांवर शॉकअप पूर्ण उघडायच्या आत पुन्हा दबतो आणि मागची बाजू हळूहळू खाली खाली बसत जाते. फार मोकळं असेल तर दगडावरून उतरताना सीट कंबरेला मारते. जवळ ओळखीचा, एकसारख्या खड्ड्यांचा शंभर-दोनशे मीटर कच्चा रस्ता ठरवून ठेवावा. दर वेळी नवा रस्ता घेतला तर काहीच कळत नाही.

खानदेशातल्या हवेचाही यात भाग आहे. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि थंडीत धुळ्याचं नाव राज्यातल्या सगळ्यात गार गावांत येतं. तेल तापलं की पातळ होतं आणि डॅम्पिंग सैल पडतं. उन्हाळ्यात एक-दोन क्लिक आवळणं त्यामुळे रास्त आहे. ज्यांच्याकडे स्क्रू नाहीत त्यांनी निदान फोर्क ऑइल वेळेवर बदलावं. आपल्याकडे ते सील फुटून तेल गळायला लागेपर्यंत कुणी बदलत नाही, आणि बदलताना निघतं ते काळं पाणी असतं. मातीच्या धुळीनं सीलच्या ओठांत कण अडकतात आणि तेल पाझरतं. अशा वेळी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून सीलच्या कडेनं अलगद फिरवली तर कण बाहेर येतात आणि पुष्कळदा गळती तिथेच थांबते.

आणि मग उरतो स्वार. अमेरिकेचा रिकी कार्माइकल जेमतेम पाच फूट सहा इंचांचा, आणि साडेनऊशे मिमीच्या आसपास सीट असलेल्या गाड्यांवर त्यानं मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमध्ये दीडशे राष्ट्रीय शर्यती जिंकल्या. त्या उंचीच्या कुणाचेही दोन्ही पाय त्या सीटवरून टेकत नाहीत. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेनं 2019 मध्ये महिलांचा बाहा विश्वचषक घेतला, तोही उंच सीटच्या रॅली गाड्या चालवून. आपल्याला शर्यत जिंकायची नाही, पण एक पाय पुरतो हे मात्र त्यांच्याकडून शिकता येतं. थांबताना उजवा पाय ब्रेकवर, कंबर थोडी डावीकडे सरकवलेली, डावा तळपाय पूर्ण टेकलेला. थांबायची जागा आधीच हेरायची, डावीकडे उंचवटा असेल तिथे. चढावर दोन्ही चवडे टेकवत ढकलत जाण्यापेक्षा थांबूच नये. आणि खडबडीत भागात उभं राहून चालवायचं, तेव्हा सीटची उंची प्रश्नातच राहत नाही. त्या वेळी महत्त्वाची ठरते हँडलची उंची, ब्रेकच्या पायडलीचा कोन, क्लचच्या लिव्हरची दिशा. उभं राहिल्यावर पाठ वाकवावी लागत असेल तर हँडलखाली राइझर टाकावेत, लिव्हर थोड्या खाली झुकवाव्यात. उंच माणसांची अडचण इथे असते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

मुलींसाठी ही चर्चा जास्त गरजेची आहे. जळगावात कॉलेजच्या मुली आता गिअरच्या गाड्या चालवतात, वन विभागात आणि आरोग्य खात्यात पाड्यांवर जाणाऱ्या बायका दुचाकीनं जातात. त्यांना शोरूममध्ये सरसकट सांगितलं जातं, ही गाडी तुमच्यासाठी नाही. पन्नास-पंचावन्न किलो वजनाला प्रीलोड खालच्या खाचांवर आणून सॅग बरोबर मिळवता येतो. इथे ढिलं करणं चूक नाही, कारण ते वजनाला धरून आहे. वरून कडा उतरवलेली सीट दिली तर एक्सपल्ससारखी गाडी अनेकींच्या आवाक्यात येते.

एक सूचना जाता जाता. गाडी बसवून घेतली की सातपुडा खुणावतो, पण यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावजवळचं गौताळा औट्रमघाट ही ठिकाणं शॉकअप तपासायची मैदानं नाहीत. वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, आणि तो असावाच. शेतरस्ते, कोरडे बंधारे, गावाकडचे जुने गाडरस्ते भरपूर आहेत.

खरी तक्रार वेगळीच आहे. मोटरसायकलचे शॉकअप बनवण्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. एन्ड्युरन्सचे कारखाने वाळूजला, म्हणजे जळगावहून दीडेकशे किलोमीटरवर. गॅब्रिएलचा कारखाना नाशिकला. केटीएमच्या गाड्या चाकणला बनतात. तरीही खानदेशातल्या ग्राहकाला गाडी घेताना त्याचं वजन कुणी विचारत नाही. गाडीसोबतच्या पुस्तकात सॅगचं एक पान नसतं. शोरूमच्या कपाटात वेगवेगळ्या वजनांच्या स्प्रिंगा नसतात. कमी उंचीची सीट हवी म्हटलं तर मागवावी लागेल असं सांगतात आणि तिची वाट बघता बघता गिऱ्हाईक शॉकअप ढिला करून घेतं. यात खर्चाचा मोठा प्रश्न नाही. दोन वजनगटांच्या स्प्रिंगा आणि एक बुटकी सीट, एवढं जरी प्रत्येक विक्रेत्यानं ठेवलं तरी निम्मे प्रश्न सुटतील.

तोवर हे काम आपलं आपणच करायचं आहे. नवी गाडी ताब्यात घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा, रोज वापरता ते बूट आणि हेल्मेट घालून जा, आणि पाय टेकतात का हे बघण्याआधी विक्रेत्याला गाडी सरळ धरायला सांगून तुमच्या वजनाला ती किती बसते ते मोजून घ्या. आकडा तीस टक्क्यांच्या आसपास आला तर शॉकअपला हात लावू देऊ नका. सरळ सीटवाल्याकडे जा.